हात वर करणारं मंडळ

मी कबड्डी खेळायचो तेव्हा नागपुरात माझी चढाई बघायला माणसं झाडांवर चढून बसत. हे स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही. त्याच लोकांनी पुढे माझी काय गत केली ते कळावं म्हणून सांगतो.

आमच्या मंडळाचा एक रिवाज होता. समोरच्याचा हात अंगाला नुसता चाटून गेला आणि पंचांना दिसला नाही, तरी आपण होऊन हात वर करायचा आणि बाहेर जायचं. रिवाज वस्तादांनी घातलेला. मी एकदा हात वर करायला जरा रेंगाळलो, तर त्यांनी भर मैदानात माझ्या थोबाडीत दिली होती. पुढे धरमपेठेतल्या माझ्या सत्कारात तेच छाती फुगवून म्हणाले, "हा हारन, पण खोटं नाही खेळन." लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मग गुडघा गेला. वस्ताद तोवर मंडळाचे अध्यक्ष झाले होते, त्यांनी मला कोच केलं. मैदानाशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं. गळ्यातली ती शिट्टी तेवढी टिकावी, एवढंच माझं मागणं होतं.

खापा गावातल्या स्पर्धेच्या फायनलला दोन्ही संघ बरोबरीत होते आणि शेवटची चढाई त्यांची. त्यांचा गडी आमच्या डाव्या कोपऱ्यावर झेपावला आणि परत गेला. पंचांनी मान हलवली, कोणी बाद नाही. तेवढ्यात आमच्या कोपऱ्याच्या गड्यानं हात वर केला. आम्ही हरलो. मी धावत जाऊन त्याला मिठी मारली. मूर्खच म्हणायचा मी!

 दुसऱ्या दिवशी वस्ताद मला मंडळात बोलावून म्हणाले, "तू पोरायले हेच शिकवून राहिला का?"

"तुम्हीच तं शिकवलं, वस्ताद."

"तवाची गोष्ट येगळी होती गा. आता सारा मोहल्ला मले इचारते, ढाल कुठी हाये?"

शिट्टी त्यांनी स्वतःच्या हातानं काढून घेतली. त्या दिवशी माझ्या अंगाची लाही लाही झाली. अजूनही होते.

पुढच्या वर्षी मी दोरीबाहेर उभा राहून फायनल पाहिली. त्याच गड्याच्या कोपराला समोरच्याची बोटं लागली. माझ्या डोळ्यांदेखत लागली. त्यानं पंचांकडे पाहिलं आणि हात मांडीवरच ठेवला. आम्ही जिंकलो. वस्तादांनी त्याला हार घातला.

तो माझ्या पाया पडायला आला. मी पाय मागे घेतले.

"काहून गा? काहून नाही केला हात वर?"

तो खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, मांगच्या वर्षी मी हात वर केला, तं तुम्हाले काढलं. औंदा मले काढलं असतं."

याचं उत्तर वस्तादांनी द्यायला हवं होतं. ते तिकडे ढाल डोक्यावर घेऊन नाचत होते.