हातचपले

आमच्या बेटावरच्या लोकांना बदलापुरात ‘हातचपले’ म्हणतात. हल्ली सोनिवलीकडच्या नव्या इमारतींत राहायला आलेले लोकसुद्धा त्याचं कारण मला समजावून सांगतात. म्हणे, बिचाऱ्यांना पाण्यातून यावं लागायचं, म्हणून चपला हातात. हे ‘बिचाऱ्यांना’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. चपला हातात घेऊन ओढा तर सगळेच ओलांडायचे. नाव पडलं ते माझ्या आईमुळे, आणि त्या दिवशी ती बिचारी अजिबात नव्हती.

बेट म्हणजे समुद्रातलं नव्हे. एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला ओढा. पावसाळ्यात दोन्ही फुगले की दिवाळीपर्यंत आमची वस्ती पाण्याच्या मधोमध. तिथे शाळा सातवीपर्यंतच होती. सातवी झालेली पोर भातलावणीला जायची आणि मग तिचं लग्न लागायचं. माझ्या थोरल्या बहिणीचं तसंच झालं होतं. मला मात्र आठवीत जायचं होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वडील बदलापूरच्या एका हायस्कुलात विचारायला गेले आणि हात हलवत परत आले. बेटावरची मुलं पावसाळाभर गैरहजर राहतात, जागा फुकट जाते, असं मुख्याध्यापकांनी त्यांना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी आईने लुगडं वर खोचलं आणि एका हातात माझं मनगट, दुसऱ्या हातात चपला धरून ओढ्यात उतरली. पलीकडचा चिखल संपला, डांबरी रस्ता लागला, तरी तिने चपला घातल्या नाहीत. घाईत विसरली असेल, असं मला वाटलं. शाळेचं फाटक, व्हरांडा ओलांडून ती तशीच ओल्या पायांनी मुख्याध्यापकांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. मागून शिपाई धावत आला. मुख्याध्यापक तिच्या हाताकडे बघत खुर्चीतून उठले.

“बाई, आधी त्या खाली ठेवा.”

“माजे पोरीला आठवीत घ्या,” आई म्हणाली.

“पावसात येणार कशी ती?”

“पवत येल. पन येल.”

तिचा आवाज चढला नव्हता. चपलांचा हातही जागचा हलला नव्हता. मुख्याध्यापकांनी घसा खाकरला आणि माझं नाव विचारलं.

बेटावरची बाई चपला घेऊन हेडमास्तरांवर चालून आली, असं शिपायाने बाजारात सांगितलं. संध्याकाळपर्यंत आमची अख्खी वस्ती ‘हातचपले’ झाली होती. वर्गातल्या मुली मला त्याच नावाने हाका मारायच्या. सुरुवातीला मी घरी येऊन रडायचे. मग हट्टालाच पेटले. कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ओढा पार करायचा, फाटकातून चपला हातात घेऊनच आत शिरायचं आणि वर्गाच्या दाराशी त्या घालायच्या. पुढच्या वर्षी शेजारच्या दोघी आपापल्या मुलींना घेऊन आल्या, तेव्हा पावसात कशा येणार असं त्यांना कुणी विचारलं नाही.

नव्वदनंतर ओढ्यावर पूल झाला. तोवर मी अंबरनाथच्या एका शाळेत शिकवायला लागले होते. एकदा त्या पुलावरून आईबरोबर जाताना मी सहज म्हटलं, “आई, त्या दिवशी चपला घालायच्या तू विसरलीस ना गं?”

“इसरीन कशाला?” ती म्हणाली. “म्हटला, आदी मास्तर काय बोलतो ता आयकू. मंग घालू.”