गजभियेंनी आधीच आणलेला पाळणा

मांजर आडवं गेलं की आमच्या गल्लीतली निम्मी माणसं स्कूटर थांबवून उभी राहतात आणि कुणीतरी आधी पुढे जाण्याची वाट बघतात. सरोजिनी नगरच्या आमच्या कॉलनीत आधी जाणारा माणूस बहुतेक वेळा रामदास गजभिये असत. हातात दुधाची पिशवी घेऊन ते मुद्दाम सावकाश रस्ता ओलांडत आणि पलीकडे पोचले की वळून म्हणत, "आइए साहब, बला हम ले गए।" लोक हसत आणि स्कूटर चालू करत.

गजभिये मूळचे भंडाऱ्याचे. रेल्वेच्या नोकरीत लखनऊला आले आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले आणि त्यांच्याबरोबर भीतीही सोडली, असं ते सांगत. आपल्या प्लॉटची रजिस्ट्री त्यांनी अमावस्येला केली, कारण त्या दिवशी कचेरीत गर्दी नसते. मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. सकाळी आम्ही बरोबर फिरायला जातो. मला लिहिण्याची सवय नाही, पण त्यांच्याविषयी दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

गेल्या वर्षी त्यांची सून स्नेहल आठव्या महिन्यात होती. अभय, त्यांचा मुलगा, गोमती नगरमध्ये एका कंपनीत आहे; दोघं राहतात गजभियेंकडेच. दोघांनी मोबाइलवर बाळासाठी एक पलंग पाहून ठेवला होता. चारी बाजूंनी गज असलेला, तान्हं बाळ पडू नये म्हणून. मूल चालायला लागलं की पुढचे गज काढायचे, त्याचा छोटा पलंग होतो. आणखी मोठं झालं की त्याचाच सोफा. स्नेहल त्याला क्रिब म्हणे. गजभियेंच्या पत्नी सुभद्राबाई त्याला पाळणाच म्हणत.

"पाळणा आधी आणत नाहीत," त्या म्हणाल्या. "आपण काही मानत नाही, ते ठीक आहे. पण घाई कसली आहे?"

"घाई नाही, तयारी आहे," गजभिये म्हणाले. "बाळ आल्यावर त्याला गादीवर ठेवून मी दुकानं हिंडत बसू का?"

रविवारी तो आणायला सगळे गोमती नगरला निघाले. गाडीत जागा होती म्हणून मलाही घेतलं. दुकानात तीन प्रकार होते. पांढऱ्या रंगाचा देखणा होता, पण त्याचा नुसता पलंगच व्हायचा. दुसऱ्याची एक बाजू खाली सरकत होती; गजभियेंनी त्या फटीत स्वतःचं बोट अडकवून पाहिलं आणि तो बाद केला. तिसरा शिसवी, जड, सोफा होणारा. त्यांनी गजांमधून मूठ जाते का पाहिलं. मग दोन्ही हातांनी धरून तो गदागदा हलवला. सांधे जरासुद्धा वाजले नाहीत.

"अंकल, ये बच्चे के साथ-साथ बड़ा होगा," दुकानातला मुलगा म्हणाला.

"और हम इसके साथ बूढ़े होंगे," गजभिये म्हणाले. "सोफा बनेगा तो सबसे पहले चाय हम पिएँगे।"

स्नेहल सुजलेले पाय पसरून स्टुलावर बसली होती. ती हसली. "बाबा, तोवर तिचं होमवर्क तुम्हालाच घ्यावं लागेल."

"तिचं?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"मला वाटतं असं."

पैसे देताना सुभद्राबाई नवऱ्याच्या जवळ सरकल्या. हळूच म्हणाल्या, "घेतला ना आपण? आता इथेच राहू द्या. बाळ झाल्यावर न्या. दुकानवाले ठेवतात, मी विचारलंय."

गजभिये काही बोलायच्या आत स्नेहलच म्हणाली, "नाही आई, आजच नेऊ. मला रूम लावायची आहे."

तिच्या खोलीत खिडकीपाशी पाळणा उभा राहिला. ती त्यात धुतलेली दुपटी घडी करून ठेवू लागली.

नववा लागला आणि एका सकाळी बाळाची हालचाल जाणवेना. मुलगी होती, पूर्ण वाढलेली, आणि मेलेली जन्माला आली. नाळेला गाठ पडली होती. डॉक्टरीणबाईंनी अभयला आणि गजभियेंना बसवून सांगितलं की हे आधी कळलं नसतं, यात कुणाची चूक नाही. दुपारी बापलेकांनी तिला मातीत ठेवलं. मी सोबत गेलो होतो. अभयने तिला कुणाच्याच हातात दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाईंच्या थोरल्या बहीण लीलावतीबाई नागपूरहून आल्या. त्या वाईट नाहीत. आल्या आल्या स्वयंपाकघर त्यांनी अंगावर घेतलं. पण भाकरी थापता थापता त्या बोलत राहत.

"रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, भाऊजी. तुम्ही तर घरात आणून उभा केला."

मी तिथेच बसलो होतो. एरवी या वाक्याची गजभियेंनी चटणी केली असती. ते ताटाकडे बघत राहिले.

जेवण टाकून ते माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "भाऊ, मी दुकानात हलवून पाहिला होता. तुम्ही बघितलं होतं ना?"

"सांधे बघायला हलवला होतात."

"हो, पण हलवला होता."

स्नेहल दवाखान्यातून घरी येणार त्या सकाळी त्यांनी मला बोलावलं. तिला तो पाळणा दिसायला नको, असं अभय म्हणाला होता. पाळण्याबरोबर आलेली वाकडी चावी गजभियेंकडून स्क्रूत बसत नव्हती. मी गज धरले, त्यांनी एकेक सुटा केला. दुपटी सुभद्राबाई घेऊन गेल्या. सगळे तुकडे चादरीत गुंडाळून आम्ही त्यांच्या कपाटामागे उभे केले.

स्नेहल आली, खोलीत गेली आणि लगेच दारात परत आली.

"क्रिब कुणी काढली?"

गजभिये पुढे होऊन म्हणाले, "मी काढला, बेटा. मीच आणला होता, मीच काढला. मी ऐकायला हवं होतं. सुभद्रा सांगत होती, आणि मी..."

"काय ऐकायला हवं होतं?"



स्नेहल भिंतीला धरून खाली बसली. आवाज अगदी साधा होता. "बाबा, क्रिबमुळे झालं असेल तर मग माझ्यामुळेही झालं. दुकानात ठेवू नका, आजच न्या, असं मीच म्हटलं होतं. मी स्कूटीवर बसले, ग्रहणात भाजी चिरली. मावशी काल फोनवर एकेक विचारत होत्या. मला वाटलं, विचारू देत, घरी बाबा आहेत. ते तरी असं म्हणणार नाहीत."

लीलावतीबाई पदराशी चाळा करत उभ्या होत्या. "मी तुला दोष नाही दिला ग पोरी," त्या म्हणाल्या. "जुनी माणसं काहीतरी सांगून गेली असतील, म्हणून..."

"ताई," गजभिये म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज जरा मोठा होता. "नाळेला गाठ होती. पोरगी त्याने गेली. पाळण्याने नाही, स्कूटीने नाही, भाजीने नाही. या घरात हे पुन्हा कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा नाही."

लीलावतीबाई आत गेल्या. अभय खाली बसला, स्नेहलच्या शेजारी.

"क्रिब परत लावा," ती म्हणाली. "तिचं म्हणून एवढं एकच होतं घरात."

आम्ही तो परत लावला, होता तिथेच, खिडकीपाशी. सुभद्राबाईंनी दुपटी आणून दिली, ती स्नेहलने स्वतः ठेवली. तिचं आवरेपर्यंत गजभिये खोलीत उभे होते, ताठ, जसे ते रस्त्यापलीकडे उभे राहत तसे.

संध्याकाळी मी निघालो तर ते चपला न घालताच माझ्यामागे रस्त्यावर आले.

"मी आत जे बोललो, ते खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मलाही माहीत आहे खरं आहे. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तरी तुम्ही म्हणा एकदा. घरात मला कुणाला विचारता येत नाही आता."

"पाळण्याचा काही संबंध नव्हता, गजभिये," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि आत गेले.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. सकाळी फिरताना आम्ही पेन्शनचं बोलतो, गुडघ्यांचं बोलतो. परतताना, कानपूर रोड ओलांडला की, ते एकदा तेच विचारतात. मला याहून बरं काही सुचत नाही. मी तेच उत्तर देतो, आणि ते अगदी लक्ष देऊन ऐकतात.