चिनी करंजी

दुकानात आली की ती आधी भांडं उचलायची, बोटाच्या पेरानं ठोकायची, कानाशी धरायची आणि म्हणायची, "बोदं वाजते, भाऊ." बोदं म्हणजे बद्द, फुटक्यासारखं.

मी सायकलवर भांडी बांधून गावोगाव फिरलेला माणूस. मग नागभीडला स्वतःचं दुकान टाकलं. घासाघिशीत मला भलेभले व्यापारी टरकतात. पण आमच्याच गल्लीत राहणाऱ्या, तलावातली मासोळी विकणाऱ्या या बाईनं माझ्या एकाही भांड्याला कधी चांगलं म्हटलं नाही. तो राग अजून गेलेला नाही. अशी गिऱ्हाईकं तुम्हीही पाहिली असतील. वस्तू हवी असते, पण चेहऱ्यावर तसं दिसू देत नाहीत. त्या सगळ्यांनी हिची शिकवणी लावावी.

तिचा मुलगा फौजेत. कालिम्पाँगकडे असताना त्यानं तिथल्याच मुलीशी लग्न केलं, तिला आईजवळ आणून ठेवलं आणि पुढच्या नेमणुकीवर निघून गेला. गाव तिला 'चिनी सून' म्हणू लागलं. ती नेपाळी बोलते, चीनची नाही, हे सांगून ऐकतो कोण! पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून राही. तिला दिवस गेलेले, आणि ती अन्नाला शिवेना. डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं, हिनं खाल्लं नाही तर आई-बाळ दोघांचंही खरं नाही.

एक दिवस बाई दुकानात आली. "वाफेवर शिजवाचं भांडं दाखवा."

मी मोदकपात्र काढलं. आमच्या भागात मोदक तळायचे असतात, त्यामुळे ते कधीचं फळीवर धूळ खात पडलेलं. तरी मी भाव सोडला नाही. तिनं ठोकलं.

"बोदं वाजते."

"बाई, भांडं घ्याचं आहे का तबला?"

"तबलाच घेतला असता. थो तरी वाजते."

आणि चालती झाली. मी ते भांडं परत फळीवर आदळलं.

संध्याकाळी मुद्दाम तिच्या घरावरून गेलो. चुलीवर उकळत्या पाण्याचा गंज, त्यावर बुरडाकडून विणून आणलेली बांबूची उथळ टोपली, टोपलीत पळसाची पानं, वर झाकण. बऱ्याच वर्षांनी नागपूरच्या एका चिनी हॉटेलात मी हुबेहूब तशीच टोपली पाहिली आणि हातातला घास हातातच राहिला. या बाईनं चीन सोडा, नागपूरही धड पाहिलेलं नव्हतं.

सुनेकडून तिनं एवढंच काढून घेतलं होतं: मैद्याची पारी, आत सारण, वर गोल चुण्या. बाईनं काटे कमी म्हणून मरळ घेतली, त्यात कोबी चिरून घातला. पण हात वर्षानुवर्षं करंजीचा. पिठात तेलाचं मोहन घातलं, काठाला सुरेख मुरड घातली, आणि वाफेत पारी फुटून सारण पानांवर सांडलं. ते ताट समोर गेलं तशी सून भिंतीकडून वळली. घरात आल्यापासून पहिल्यांदा हसली.

"माँ, ये मोमो नहीं है."

ती उठली. नवं पीठ मळलं, पाऱ्या लाटल्या, गोल चुण्या घालून दाखवल्या. आणि आपल्या हातचे दोन-चार खाल्ले.

दुसऱ्या दिवशी बाईनं पुन्हा मुरडच घातली. सून पुन्हा उठली. मग रोजचंच झालं. गल्लीत हसू व्हायला लागलं, "बाईची चिनी करंजी फुटली का आज?" बाई ऐकून घ्यायची. एरवी एका शब्दाला चार परत करणारी बाई!

मला राहवेना, एक दिवस तिच्या घरी गेलो. जाळ्याची अवघड गाठ एकदा पाहून बांधणारी ही, आणि हिला चुण्या जमेनात? मी चिडून म्हणालो, "बाई, रोज रोज काऊन चुकता? लहान पोरालेही जमन हे."

तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. सून झोपलेली होती. मग एक पारी उचलली आणि बघता बघता गोल मोमो वळला. चुण्या अशा नाजूक, की सुनेच्याही नसतील. मला दाखवला, आणि मुठीत दाबून त्याचा गोळा करून टाकला.

"बरोबर झालं तं थे काहाले उठन, भाऊ?"

जिंकायला भांडणारे मी ढिगानं पाहिलेत, मीही त्यातलाच. पण रोज ठरवून हरायचं, गल्लीचं हसू अंगावर घ्यायचं, आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही! मी चप्पल घातली आणि घरी आलो.

बाळंतपण सुखरूप झालं. सून तलावावर जायला शिकली, बाजारात बसायला शिकली, आमच्यासारखी बोलायला लागली. पुढे बाई गेली. तेरवीला माझ्या तोंडून निघूनच गेलं, "तुह्या सासूले गोल मोमो येत होते."

"ठाऊक आहे जी. एकटीच करून मोडून राह्यली होती, म्या फटीतून पाह्यलं. पहिल्याच हप्त्यात."

"मंग रोज उठत काऊन होती?"

"म्या खाल्ल्याबिगर माय जेवत नोहती."

आता बाजारात सून मासोळी विकते. सासूची जागा अगदी तोंडावरची, मोक्याची. सून तिच्या बाजूला बसते. परवा एक नवा भाजीवाला त्या मोकळ्या जागेवर टोपलं टेकवायला गेला, तर तिनं हात आडवा घातला.

"तिथी नोका बसू, भाऊ. माय येऊन राह्यली."