शेजारची बकरी आणि मामाजींची संत्री

माझ्या सासऱ्यांइतका निरुपद्रवी माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात नव्हता, आणि त्या काळी आमच्या जिल्ह्यात अशा माणसांची काही टंचाई नव्हती. मामाजी पहाटे सूत कातत, जेवताना कडुलिंबाची चटणी पाहुण्यालाही वाढत आणि कोणत्याही जिवाला धक्का लावत नसत. खाटेतले ढेकूण ते कागदावर घेऊन परसात सोडत आणि ढेकूण तिथून पुन्हा जावयाच्या खाटेत येत. नवा जावई म्हणून त्यांच्या गावी, रोहण्याला, गेलो तेव्हा सकाळी अंग खाजवत मी कुरकुर केली, तर मामाजींनी काळजीनं विचारलं, एखादा चिरडला तर नाही ना?

सासूबाई वरुडकडच्या, संत्र्यांच्या बागेत वाढलेल्या. साऱ्या संसारात त्यांनी नवऱ्याकडे मागितलं ते एकच, आपल्या दारचं संत्रं आपल्या हातानं तोडून खायचं. मामाजींनी ते मनावर घेतलं. सासूबाईंच्या माहेराहून सहा कलमं आणली, खड्डे खणले, त्यात निघालेल्या गांडुळांची आधी दुसरीकडे सोय लावली आणि मग शेणखत भरलं. कलमं देणाऱ्यानं बजावलं होतं की संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, जंबेरी या आंबट रानलिंबाच्या खुंटावर बांधलेला असतो. डोळ्याखालून फुटवे आले की लगेच काढायचे, नाहीतर जंबेरी माजते आणि संत्रं मरतं. मामाजींनी मान डोलावली होती. पण फुटवे आले आणि सासूबाई म्हणाल्या, "खालचे फुटवे कापून टाका ना जी," तेव्हा मामाजींचा चेहराच उतरला. "आताच तं जीव धरून राह्यला तो. त्याले कापू कसा?" असं म्हणून त्यांनी उलट फुटव्यांना रोज तांब्याभर पाणी जास्त घालायला सुरुवात केली.

पाच झाडं अशी माजली की गाव बघायला येई. विहिरीजवळचं सहावं तेवढं किडकिडीत राहिलं. त्याचे फुटवे शेजारची बकरी खाते, असं सासूबाई सांगत. बकरीला हाकलणं मामाजींच्या तत्त्वात बसत नव्हतं, त्यामुळे प्रश्न मिटला. मला मात्र त्या बकरीचं फार कौतुक वाटे. मामाजी सूत कातायला बसले की ती येई, पाच झाडं सोडून त्याच एका झाडाला लागे, वरचा कोवळा पाला ठेवून नेमके डोळ्याखालचे फुटवे खाई, आणि खाई तेही विळ्यानं कापल्यासारखे साफ. त्या दिवसांत सासूबाईंच्या मनगटांवर काट्यांचे ओरखडे असत.

काही वर्षांनी फळं धरली. पाच झाडं जाड सालीच्या खडबडीत जंबेरींनी लगडली. मामाजींनी त्या संत्री म्हणून खादीधारी पाहुण्यांपुढे ठेवल्या. कडुलिंबाची चटणी पचवलेली ती माणसं. त्यांनी डोळे गच्च मिटून फोडी गिळल्या आणि फळ पित्तावर गुणकारी असल्याचा निर्वाळा दिला. विहिरीजवळच्या झाडाला मोजकीच, पण खरी संत्री आली. सासूबाईंनी पहिलं संत्रं तोडलं, तिथंच सोललं आणि एक फोड मामाजींना दिली. ती चघळत मामाजींनी सर्वांना समजावून सांगितलं की या झाडानं बकरीचा जाच निमूट सोसला, म्हणूनच ते गोड निघालं. सासूबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. त्यांना इतकं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दोन-तीन बहार त्यांनी खाल्ले आणि मग साध्या तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या.

पुढच्या पावसाळ्यात मी रोहण्याला गेलो तेव्हा मामाजी विहिरीजवळ उभे होते. त्या झाडाच्या बुडाशी फुटवे चांगले वीतभर वर आले होते. शेजारची बकरी कुंपणाशी रवंथ करत बसली होती, आणि मामाजींच्या हातात सासूबाईंचा विळा होता. किती वेळ ते तसे उभे होते कोण जाणे.

"जवाईबापू," ते म्हणाले, "बकरी आता येत नाई. मले तं हे जमत नाई. तुमी कापा, मी तिकडं पाह्यतो."

विळा माझ्या हाती देऊन त्यांनी तोंड विहिरीकडे फिरवलं. मी खाली बसून पहिला फुटवा धरला, तेव्हा ते पाठमोरेच हळू आवाजात म्हणाले, "तिरपं कापा. तुमची सासू तिरपंच कापत जाय."

मी विळा तिरपा धरला.