अजीजुन्निसाबाईच्या झोळ्या

खामगावात आमचा इंद्रभान अन् त्याची बायको, दोघंही कापसाच्या जिनिंगात कामाले. त्यायचं लेकरू शेजारची अजीजुन्निसाबाई आठवड्याले चार आणे घेऊन सांभाळे; मजुरायची आणखी पाच लेकरं तिच्या घरी लुगड्याच्या झोळ्यायत झोपत. मी मोठा भाऊ, चौथी पास, कोनाची चाकरी मले जमत नाही. म्हनलं, "मी घरात असताना पैसे काऊन देता बे? मी सांभाळतो!"

दुपारीच रडतं लेकरू घेऊन मी जिनिंगच्या फाटकावर. मुकादम ओरडला, "पुन्हा लेकराच्या मायले बाहेर बोलावलं त तिची रोजी बंद!"

तसाच अजीजुन्निसाबाईच्या दारात गेलो. बाई हासली. "पैसे नका देऊ, बडे भाई. माहे हात दुखतात. रोज बसून झोळ्या हालवा."

आता सहा लेकरं झोपवतो. लोकायले सांगतो, बाईचा कारभार मीच पाहातो!