गल्लीत सुटलेला वास

शिवबाईला जावेचं कौतुक कधीच सोसलं नाही, पण जावेच्या स्वयंपाकघरातली नवी चिमणी तर तिच्या डोळ्यांतच सलत होती. खालच्या मजल्यावर धाकटी जाऊ सिद्धेश्वरी, वर शिवबाई. सिद्धेश्वरीनं जुनी चिमणी काढून नवी बसवली आणि भिंतीला भोक पाडून तिचा पाइप थेट गल्लीत सोडला. तेव्हापासून येणारा-जाणारा दाराशी थांबून विचारायचा, "सिद्धेश्वरी, आज काय बेत गं?"

शिवबाईच्या चिमणीला पाइपच नव्हता. सगळा धूर फिरून तिच्याच तोंडावर यायचा.

"तिला फोडणी मी शिकवली, अन् गल्लीत नाव तिचं!" ती धुसफुसायची.

शेवटी एके सकाळी नवरा चन्नप्पा नवी पेठेतल्या दुकानात गेल्यावर तिनं मिस्त्री बोलावला. नवी चिमणी बसली. पाइपही बाहेर काढला, जावेच्या पाइपापेक्षा हातभर पुढं. मग तिनं कूट, काळा मसाला घालून भरली वांगी केली, चिमणी जोरात सोडली आणि खिडकीत कान देऊन उभी राहिली.

चन्नप्पा जेवायला आला. जिना चढतानाच तो खूश होता.

"गल्लीत काय वास सुटलाय! सिद्धेश्वरीनं भरली वांगी केलीत वाटतं. जरा वाटीभर आण की मागून."

शिवबाईनं कढईवर झाकण आदळलं आणि रिकामी वाटी त्याच्या हातात कोंबली.

"तुमीच जावा."