उसासा टाकायची वेळ

बावीस मे, रविवार. मुलीचे लग्न सकाळी उरकले होते आणि संध्याकाळी मी तिच्या सासरी पाठवायचे मुरुक्कूच्या चकल्यांचे डबे भरत बसले होते. तेवढ्यात सासूबाई पाठवणीच्या गाण्यांची वही घेऊन आल्या. आम्ही पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले मराठी, म्हणून गाणी मराठी, लिपी तमिळ.

"‘माय टाकी उसासा’ इथे मी थांबणार," त्या म्हणाल्या. "तू उसासा टाकायचास. मगच पुढची ओळ, आणि मगच गाडी हलणार. रीत आहे."

"आणि नाही आला तर?"

"उद्या सोमवार. सकाळी साडेसातला राहुकाळ लागतो. माझी नात राहुकाळात घराबाहेर पडली तर बघ."

उसासा हा शब्द आमच्या बोलण्यात उरलेला नाही. आम्ही तमिळमधला पेरुमूच्चु वापरतो, म्हणजे मोठा श्वास. जिना चढल्यावर तोच आणि नवरा दौऱ्यावर गेल्यावरही तोच. उसासा फक्त वहीत. मी पाने चाळली. एका गाण्यात वाट पाहणारी बाई उसासा टाकते आणि समईची ज्योत कलते. दुसऱ्यात राणी सवतीला पाहून उसासा टाकते आणि हातातला विडा सुकतो. ‘मला वाईट वाटते’ असे कोणीच म्हणत नाही. एक उसासा टाकला की सगळे सांगून झाले. ही काटकसर मला आवडली.

मी एक टाकून दाखवला.

"ही तर कॉफी निववतेय," सासूबाई म्हणाल्या.

दुसरा टाकला.

"आता कुकर."

पलीकडे फुलांच्या माळा आवरणारी नणंद म्हणाली, "वहिनी, नवऱ्याचा विचार कर. आपोआप येईल."

"तुझ्या अण्णांचा विचार केला की मला जांभई येते."

डबे भरून झाले, उसासा काही जमला नाही.

सकाळी सात वीसला गाडी दारात उभी होती. सासूबाईंनी गाणे उचलले, त्या ओळीशी आल्या आणि थांबल्या. सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली, व्याही घड्याळाकडे. मी छाती भरून श्वास घेतला आणि मला ठसका लागला.

वेळ मारून न्यायला मी गाडीच्या खिडकीशी वाकले. "डबे मोजलेस?"

"हो. आणि पाण्याची बाटली घेतली, आधार कार्ड पर्समध्ये आहे," मुलगी म्हणाली. "आई, तुझ्या बीपीच्या गोळ्यांची वेळ फ्रिजवर चिकटवलीय. सिलिंडर सांगून ठेवलाय. आजीला जांगिरीचं गोड देऊ नकोस, मागेल ती."

पुढचे विचारायला मी तोंड उघडले. विचारायला काहीच उरले नव्हते. तोंडातून नुसता वारा बाहेर पडला, चांगला लांबलचक.

सासूबाईंनी तो संपायच्या आत पुढची ओळ धरली. साडेसातला दोन मिनिटे असताना गाडी हलली.

मी आत गेले, फ्रिजवरची यादी वाचली आणि गोळी घेतली.